पेंग्विनच्या गावचा दुष्काळ

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा आणि पेंग्विन आठवा बरं! काय दिसलं? सगळीकडे पांढराशुभ्र बर्फ, त्यावरून डुलत डुलत चाललेली काळ्या कोटातली मंडळी आणि बोचरी थंडी. असंच ना? मलाही तेच दिसायचं. नुसतं दिसायचं नाही, मी ते वर्गात शिकवायचेसुद्धा! आणि तिथंच माझी फजिती झाली. आज तीच तुम्हाला सांगणार आहे. बाईंची फजिती ऐकायला कुणाला आवडत नाही?

मी सावेडीत, एका प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्या शहराचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण बोलताना तोंडात अजून 'नगर'च येतं. ही गोष्ट आहे २०१८ सालची. तेव्हा माझ्याकडे चौथीचा वर्ग होता. जुलै महिन्यात 'थंड प्रदेशातले प्राणी' असा तक्ता मी मोठ्या हौसेने केला. निळा कागद, त्यावर कापसाचा बर्फ आणि बर्फावर काळ्या कागदाचे पाच पेंग्विन. डी.एड.ला असताना तक्ते करण्यात माझा हात कुणी धरत नसे! मुलं खूश, मी खूश.

तेवढ्यात एकानं सांगितलं, "बाई, मुंबईला राणीच्या बागेत खरे पेंग्विन आहेत."

"हो, आहेत की," मी म्हटलं.

खिडकीजवळ बसणारी एक मुलगी उभी राहिली. एरवी ती फारशी बोलायची नाही. तिचे आईवडील पाथर्डी तालुक्यातले. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास कोयते घेऊन ऊसतोडीला कोल्हापूरकडे जायचे, ते उन्हाळ्यातच परतायचे. पोरीची शाळा बुडू नये म्हणून तिला इथं आजीजवळ ठेवलेलं. ती म्हणाली, "मंग बाई, मुंबईत बर्फ कुढून आणला?"

मला उत्तर माहीत नव्हतं. 'माहीत नाही, शोधून सांगते' एवढं म्हणायला काय हरकत होती? पण नाही! मी ठोकून दिलं, "अगं, मशिनीनं केलाय. आत सगळा बर्फच बर्फ आहे." पोरगी खाली बसली. तास संपला.

एक पिल्लू

तुमच्यापैकी काहींना हे पेंग्विन मुंबईत कसे आले ते ठाऊक नसेल, म्हणून आधी ते सांगते. भायखळ्याच्या राणीच्या बागेचं खरं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. २०१६ च्या जुलै महिन्यात दक्षिण कोरियातल्या सोल शहरातून तिथं आठ पेंग्विन विमानानं आले. ऑक्टोबरमध्ये त्यांतली डोरी नावाची मादी आजारी पडून दगावली. उरलेल्या सातांची नावं डोनाल्ड, डेझी, पॉपॉय, ऑलिव्ह, बबल, मोल्ट आणि फ्लिपर. मार्च २०१७ पासून लोक त्यांना पाहू लागले.

तर २०१८ च्या जुलैत फ्लिपरनं अंडं घातलं. साधारण चाळीस दिवस ते उबवावं लागतं. आणि गंमत अशी, की पिल्लू अंड्याबाहेर आलं ते नेमकं १५ ऑगस्टच्या रात्री! भारतात जन्मलेलं पेंग्विनचं पहिलं पिल्लू आणि तेही स्वातंत्र्यदिनी. आमचा वर्ग नुसता नाचत होता. नाव काय ठेवायचं यावर भांडणं झाली. फळ्याच्या कोपऱ्यात अकरा नावं लिहिली गेली. त्या खिडकीजवळच्या मुलीनं सुचवलेलं नावही त्यात होतं.

पण ते पिल्लू आठवडाभरच जगलं. २२ ऑगस्टला ते गेलं. अंड्यातला बलक पिल्लाच्या पोटात पुरता शोषला जावा लागतो, तसा तो गेला नव्हता. यकृतही नीट काम करत नव्हतं. जन्मतःच दोष होता.

वर्तमानपत्रात ती बातमी मी शाळेत निघण्यापूर्वी वाचली. काय केलं असेल मी? रोज वर्गात नेते तो पेपर त्या दिवशी घडी करून कपाटावर ठेवला. वाटलं, दोन दिवसांत विसरतील. मधल्या सुट्टीत ती मुलगी आली आणि फळ्याच्या कोपऱ्यातली नावं आपणहून पुसू लागली. शेजाऱ्यांच्या टीव्हीवर तिनं बातमी पाहिली होती. मला म्हणाली, "तुमाला माहीत व्हतं ना, बाई?"

आवाजात राग नव्हता, मुलांनो. राग असता तर बरं झालं असतं.

काचेपलीकडे

जानेवारी २०१९ मध्ये आमची सहल मुंबईला निघाली. एसटी रात्रीची. सहलीचे पैसे भरायला त्या मुलीची आजी आली. प्रोफेसर कॉलनीकडे ती दोन-तीन घरी धुणीभांडी करायची. पदराची गाठ सोडत म्हणाली, "बाई, येवढ्या लांब एक पाखरू बघाया जायाचं? पन पोरगी झोपंत बी तेच बडबडती. न्या तिला."

सकाळी राणीच्या बागेत पोचलो. केवढी जुनी झाडं! मुलांचं मात्र झाडांकडे लक्ष कुठलं? सगळी धावली पेंग्विनच्या इमारतीकडे. रांगेतून आत गेलो. मंद उजेड, अंगाला गार हवा आणि समोर भलीमोठी काच.

काचेपलीकडे पाणी होतं, खडक होते. खडकांवर उभे राहून दोन पेंग्विन मान वाकडी करून आमच्याकडे पाहत होते. एकानं सूर मारला आणि सगळ्यांच्या तोंडून 'अय्या!' निघालं. जमिनीवर फदकफदक चालणारा तो पक्षी पाण्यात अक्षरशः उडत होता! पंखांनी पाणी कापत सर्रकन इकडून तिकडे. आमच्यातल्या एका वीरानं काचेवर टकटक केलं, तर त्या मुलीनं त्याचा हात धरला. "घर हाय ते त्येंचं. आपल्या घराचं दार कुनी असं वाजवलं तर?"

मग तिनं सगळीकडे नीट पाहिलं. वर, खाली, कोपऱ्यात. आणि वळून माझ्याकडे पाहिलं. ती काय शोधत होती ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

बर्फ! बर्फाचा कणसुद्धा नव्हता.

आतली हवा सोळा ते अठरा अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतात. म्हणजे आपल्या नगरला डिसेंबरात सकाळी शाळेत जाताना वाजते त्यापेक्षा थोडी कमीच थंडी! पाणी गाळून स्वच्छ करणारी यंत्रं, वेळेवर मासे, देखरेखीला डॉक्टर. सगळं होतं. बर्फ नव्हता, कारण या पेंग्विनला तो लागतच नाही.

परतीच्या एसटीत मुलं झोपली. मी जागीच होते.

कोरड्या किनाऱ्याचा पक्षी

नगरला आल्यावर जिल्हा वाचनालय गाठलं, पुस्तकं चाळली, मिळेल तिथून माहिती टिपली. सोमवारी वर्गात गेले आणि तक्त्यावरचा कापूस सगळ्यांसमोर सोलून काढला.

"मुलांनो, मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. आणि ऑगस्टात एक खरी बातमी तुमच्यापासून लपवली. दोन्ही चुका माझ्या."

वर्ग चिडीचूप. बाई चुकतात आणि तसं सांगतातही, हे त्यांना नवीन होतं. मलाही!

मग आम्ही नव्यानं सुरुवात केली. जगात पेंग्विनच्या साधारण अठरा जाती आहेत आणि बर्फात राहणाऱ्या त्यांतल्या थोड्याच. आपल्या चित्रांत असतो तो बहुधा अंटार्क्टिकाचा सम्राट पेंग्विन. त्याला ठेवायचं तर गोठवणारी थंड खोलीच बांधावी लागते, म्हणून तो जगातल्या अगदी मोजक्याच प्राणिसंग्रहालयांत दिसतो. गॅलापॅगोस बेटांवरचा पेंग्विन तर चक्क विषुववृत्तावर राहतो! प्राणिसंग्रहालयांत जास्त करून दिसतात ते दक्षिण आफ्रिकेच्या बाजूचा आफ्रिकी पेंग्विन आणि आपल्या राणीच्या बागेतला हंबोल्ट पेंग्विन. दोघंही उबदार किनाऱ्यांवरचे, म्हणून दूरदेशी त्यांचा निभाव लागतो. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात हंबोल्ट पेंग्विन उघड्या तळ्याकाठी राहतात.

हंबोल्ट हे नाव अलेक्झांडर फॉन हंबोल्ट या जर्मन शास्त्रज्ञाचं. १८०२ साली तो दक्षिण अमेरिकेत पेरूच्या किनाऱ्यावर होता आणि तिथल्या समुद्राचं पाणी इतकं गार कसं, याची त्यानं मोजमापं घेतली. त्या गार प्रवाहाला आज त्याचंच नाव आहे. त्या पाण्यात माशांची नुसती खाण! आपल्या मांदेलीच्या कुळातला अँचोव्ही नावाचा लहान मासा तिथं थव्यांनी असतो. पेंग्विनचं मुख्य जेवण तेच.

नकाशा काढला. एकेकानं बोट ठेवलं, पेरू आणि चिली. समुद्र गार, पण जमीन? जमीन म्हणजे जगातलं एक अतिशय कोरडं वाळवंट! पाऊस जवळजवळ नाहीच. तिथं पेंग्विन काही ठिकाणी निवडुंगाच्या सावलीतसुद्धा घरटं करतात. चोचीच्या मुळाशी त्यांची कातडी उघडी आणि गुलाबी असते, ती अंगातली उष्णता बाहेर टाकायला. म्हणजे आमचा 'थंड प्रदेशातला प्राणी' निवडुंगाखाली बसणारा निघाला!

त्यांचं घरही आम्ही वाचलं. समुद्रपक्ष्यांची विष्ठा शेकडो वर्षं साचून खडकांवर जाड थर बसले होते. त्यांत बीळ खणून पेंग्विन अंडी घालायचे. ही विष्ठा म्हणजे उत्तम खत. एकोणिसाव्या शतकात माणसांनी ती खणून जहाजंच्या जहाजं भरून परदेशी नेली. घराची भिंतच नेली म्हणा ना! आज या पेंग्विनची गणना धोक्यात आलेल्या पक्ष्यांत होते.

मादी बहुधा दोन अंडी घालते. आई आणि बाबा पाळीपाळीनं उबवतात. एक घरट्यावर बसतो, तर दुसरा समुद्रावर जातो. परत आल्यावर शेकडोंच्या गोंगाटात जोडीदार एकमेकांना आवाजावरून ओळखतात.

हे सांगताना खिडकीजवळून आवाज आला, "माझी आई बी फोनवर मी बोलायच्या आधी, नुसती खोकले तरी वळखती."

कुणी हसलं नाही.

एकच दुखणं

आता सांगते ते नीट ऐका हं. कधीकधी पेरूजवळच्या समुद्राचं पाणी गार राहत नाही, ऊन होतं. नाताळाच्या सुमारास हे घडतं म्हणून तिथल्या कोळ्यांनी त्याला नाव दिलं 'एल निनो', म्हणजे बाळ येशू. नाव गोड, पण करणी वाईट. एरवी वारे वरचं ऊन पाणी पश्चिमेकडे ढकलत असतात, त्यामुळे खालचं गार, सकस पाणी वर येतं. वारे मंदावले की ते थांबतं. मासे खोल किंवा दूर निघून जातात. पेंग्विन आई-बाबांना लांब लांब जावं लागतं आणि घरट्यात पिल्लं उपाशी मरतात. १९८२-८३ मध्ये असंच झालं, १९९७-९८ मध्येही झालं. हंबोल्ट पेंग्विनांची संख्या तेव्हा झपाट्यानं घटली.

आणि ही गोष्ट तिथंच संपत नाही. त्या समुद्राची घडी विस्कटली की पृथ्वीवरची हवाही विस्कटते. पुष्कळदा आपला मोसमी पाऊस रुसतो. दर वेळी नाही बरं का! १९९७ साली एवढा मोठा एल निनो होता, तरी आपल्याकडे पाऊस बरा झाला. पण १९७२ चा महाराष्ट्रातला मोठा दुष्काळ पडला, तेव्हा एल निनो होता. त्याच सुमाराला पेरूच्या कोळ्यांची जाळी रिकामी राहू लागली. बेसुमार मासेमारी झाली होतीच, त्यात हे ऊन पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी त्या मुलीची आजी उभी! मी घाबरले, म्हटलं काही तक्रार आहे की काय. आजी म्हणाली, "बाई, पोरगी म्हनती, त्या पाखराच्या गावाला बी बहात्तरचा दुष्काळ पडला व्हता. खरं हाय का?"

"खरं आहे, आजी. त्यांच्याकडे मासा गेला, आपल्याकडे पाऊस गेला."

मी त्यांना वर्गात बोलावलं. त्या टेबलापाशी खाली बसू लागल्या, तर मुलांनी खुर्ची दिली. आजींनी सांगितलं, की त्या तेव्हा अकरा-बारा वर्षांच्या होत्या. आईबरोबर खडी फोडायला जायच्या. विहिरी आटल्या होत्या. परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी खायची, कामावर सुकडी मिळायची. जनावरं सोडून द्यावी लागली. "आमची शाळा तवा सुटली, ती सुटलीच," असं म्हणून त्या गप्प झाल्या. मग तक्त्याकडे बघून म्हणाल्या, "येक बरं केलं बाई, त्या पाखराला बर्फात नाय बशिवलं. त्याचं बी आमच्यावानीच हाय. आई-बाप पोटामागं लांब जात्यात."

मुलांनो, मी कितीतरी धडे शिकवलेत. पण एवढा सरळ धडा मला आजवर देता आलेला नाही.

खरं उत्तर

मग पेंग्विन मुंबईत आणले ते बरं केलं की वाईट? त्या वेळी मोठी माणसंही यावर खूप भांडली. वर्गातही दोन तट पडले. एक जण म्हणाला, आपण पाहिलेच नसते तर आपल्याला पेरू कळला नसता. दुसरी म्हणाली, मग डोरी का मेली?

मी त्यांना टोकियोची गोष्ट सांगितली. २०१२ च्या मार्चमध्ये तिथल्या मत्स्यालयातून ३३७ क्रमांकाचा एक लहानगा हंबोल्ट पेंग्विन कुंपण ओलांडून पळाला. टोकियोच्या उपसागरात, जहाजांच्या गर्दीत तो ८२ दिवस राहिला. मेमध्ये सापडला तेव्हा चांगला धडधाकट होता! एका मुलानं टाळ्या वाजवल्या. खिडकीजवळची मुलगी मात्र म्हणाली, "पन मंग तो घरी गेला नाय ना बाई. पेरूला."

नाही गेला. तिचं बरोबर होतं. या वेळी मी काहीही ठोकून दिलं नाही. म्हटलं, "बाळा, काचेतला पेंग्विन सुखी आहे की नाही, हे मला सांगता येणार नाही. पण त्याला पाहून आलेल्यानं त्याचं गाव विसरलं, तर त्याचं तिथं असणं फुकट गेलं, एवढं मला नक्की वाटतं."

आज इतक्या वर्षांनीही माझं उत्तर तेच आहे. त्या वर्षीची मुलं चौथी पास होऊन गेली. मग करोना आला, शाळा बंद पडल्या. २०२१ च्या सप्टेंबरात एके संध्याकाळी फोन वाजला.

"बाई, वळखलं का?"

आवाज मोठा झाला होता, पण ओळखला.

"बाई, राणीच्या बागंत दोन पिल्लं झाली. डोनाल्ड-डेझीचं ओरिओ, १ मेला. आन् ऑगस्टात मोल्ट-फ्लिपरचं ऑस्कर. आपल्याच मोल्ट-फ्लिपरचं, बाई! जगलंय ते."

मागून कुणीतरी विचारत होतं, 'कोन हाय गं?' तिची आई घरी होती त्या दिवशी.

त्यानंतर तिथं आणखीही पिल्लं जन्मली. पहिल्या आठांच्या दुपटीहून अधिक आता तो कळप आहे. ती मुलगी आता कॉलेजात आहे. आणि मी? वर्गात उत्तर आलं नाही, तर आता खडू खाली ठेवते आणि म्हणते, "माहीत नाही. उद्या शोधून सांगते."

तुम्ही राणीच्या बागेत गेलात, तर काचेवर टकटक करू नका. आणि घरी आल्यावर नकाशा काढा. पेरूच्या किनाऱ्यावर एक बोट ठेवा, दुसरं आपल्या गावावर. मग घरातल्या आजी-आजोबांना विचारा, बहात्तर साली आपल्याकडे काय झालं होतं? पालकांनो, तुम्हीही शेजारी बसून ऐका.